रताळी, खिळे आणि कापूस

महाशिवरात्रीच्या दिवशी आपल्या घरच्या ताटाकडे एकदा इतिहासाच्या नजरेने पाहावे. रताळ्याचे काप, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, तीत हिरवी मिरची आणि शेवटी राजगिऱ्याची वडी. वरीचे तांदूळ, दही आणि तूप एवढे सोडले तर यातला एकही जिन्नस ज्ञानेश्वर माउलींच्या काळी आपल्या मुलुखात कोणी पाहिलेला नव्हता. रताळे, बटाटा, भुईमूग, मिरची, राजगिरा आणि ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कंद, ही सारी पिके अमेरिका खंडातली. मी हे घरी सांगितले तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींपैकी एकीने, "मग महादेवाला चालतंय नव्हं?" एवढेच विचारले. चालते, असे मी सांगितले. गेली चारेकशे वर्षे चालतेच आहे.

आपला सीमाभाग तर अमेरिकन पिकांचे आगरच आहे. बेळगावच्या पश्चिमेकडील तांबड्या मातीतली रताळी, बेळगावचा बटाटा, संकेश्वरी मिरची, चंदगडचा काजू आणि निपाणीची तंबाखू. ही पिके वगळली तर आपल्या बाजारपेठेत काय उरेल याचा विचार ज्याचा त्याने करावा. आणि ही पिके रानातून तयार उपटून आणलेली नाहीत. मक्याचेच पाहा. मेक्सिकोतल्या एका रानगवताला बोटभर लांबीचे, मोजक्या कठीण दाण्यांचे कणीस यायचे. त्यातले बरे बी निवडून, पेरून, पुन्हा निवडून तिथल्या शेतकऱ्यांनी सुमारे ९००० वर्षांपूर्वीपासून त्याचे मक्याच्या कणसात रूपांतर केले. अँडीज पर्वतातल्या लोकांनी बटाट्याचे तसेच केले. या शेतकऱ्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

मी इतिहास घेऊन एम. ए. झालो आणि पुढे सारी नोकरी तोच विषय शिकवण्यात गेली. आमच्या पिढीला शाळेत अमेरिकेचा इतिहास १४९२ पासून शिकवला गेला. कोलंबसाने अमेरिका शोधली, या एका वाक्यात आधीची हजारो वर्षे गडप झाली. न्यू मेक्सिकोमध्ये व्हाइट सँड्स येथे एका आटलेल्या तळ्याकाठी माणसांची पावले उमटलेली सापडली आहेत. ती २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीची असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यावर बराच वाद झाला, पण पुढच्या तपासण्यांनीही तेच वय दाखवले. म्हणजे कोलंबसाच्या आधी तिथे माणूस निदान वीस हजार वर्षे नांदत होता.

आणि नांदत होता म्हणजे नुसता शिकार करून फिरत होता असे नव्हे. मिसिसिपी नदीकाठी, आजच्या सेंट लुईस शहरासमोर, काहोकिया नावाने ओळखले जाणारे मोठे नगर होते. तिथला मातीचा मुख्य उंचवटा आजही सुमारे ३० मीटर उंच उभा आहे. त्या नगराच्या भरभराटीचा काळ साधारण १०५० ते १३५० हा. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ च्या सुमाराची. रट्ट राजे इथे राज्य करत होते तेव्हा तिकडे काहोकियाच्या चौकात बाजार भरत होता. तिथले शेतकरी मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे, घेवडा जमिनीला कस देई आणि भोपळ्याची पाने तण वाढू देत नसत. ज्वारीत तुरीच्या ओळी घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातले शहाणपण समजावून सांगायची गरज नाही. उत्तरेकडे पाच जमातींनी मिळून एक संघ केला होता. फ्रेंच त्यांना इरोक्वा म्हणत, ते स्वतःला हौदेनोसौनी म्हणवत. प्रत्येक जमातीचा कारभार वेगळा, पण लढाई आणि तह यांचा निर्णय मात्र सर्वांच्या सभेत.

या सगळ्यांना मिळून युरोपियनांनी नाव दिले ते 'इंडियन'. म्हणजे आपले नाव! कोलंबस हिंदुस्थानच्या शोधात निघाला, कॅरिबियन बेटांवर पोहोचला आणि आपण पोहोचलो तो हिंदुस्थानच, असे धरून बसला. तिथे त्याला भेटलेल्या ताइनो लोकांची वस्ती पुढच्या पन्नास-साठ वर्षांत रोगराई, सक्तीची मजुरी आणि कत्तली यांनी जवळजवळ संपली. त्यांची बोलीही गेली. पण त्या बोलीतला एक शब्द आपल्या तोंडी रोज आहे. 'बटाटा' हा त्यांचाच शब्द. त्यांच्याकडे तो रताळ्याला लावत, पोर्तुगिजांबरोबर तो गोव्यात उतरला आणि आपण तो दुसऱ्याच कंदाला दिला.

१५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून ही पिके हळूहळू घाट चढून वर आली. आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलुखात राहणाऱ्यांनी त्यांच्या नावांची गंमत पाहण्यासारखी आहे. मिरची आली तेव्हा मराठी माणसाने तिच्या तिखटपणाची सोयरीक मिरीशी जुळवली आणि 'मिरी'वरून 'मिरची' केली. कानडी माणसाकडे मिरी म्हणजे 'मेणसु', त्याने 'मेणसिनकायी' केले. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे नाही. दोन शेजाऱ्यांना एकाच वेळी तीच युक्ती सुचली. ज्या फळाला आपण पेरू म्हणतो त्यालाच बाजारात कानडी बाई 'पेरलहण्णु' म्हणते. तंबाखूला मात्र कानडीने 'होगेसोप्पु', म्हणजे धुराचा पाला, असे स्वतःचे नाव दिले. मला ते आपल्या नावापेक्षा सरस वाटते.

या धुराच्या पाल्यानेच इंग्रजांची अमेरिका उभी केली. लंडनच्या व्यापाऱ्यांनी १६०० साली आपल्याकडे येण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनी काढली आणि १६०६ साली तिकडे जाण्यासाठी व्हर्जिनिया कंपनी. १६०७ मध्ये जेम्सटाउन ही वसाहत झाली. पहिली काही वर्षे उपासमारीत गेली. सोने सापडेना. मग १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फ याने तिथे गोडसर जातीची तंबाखू लावली आणि लंडनमध्ये तिला भाव आला. निपाणीकडच्या वाचकांना तंबाखूला किती हात लागतात हे सांगायला नको. रोप, लावण, शेंडे खुडणे, कापणी, वाळवण, आणि दोन-चार पिके घेतली की जमिनीचा कस गेलेला. तेव्हा नवी जमीन हवी आणि कमी मोलाचे हात हवेत. जमीन मूळ लोकांची घेतली. हातांसाठी आधी इंग्लंडमधले गरीब लोक कराराने आणले. १६१९ साली वीसेक आफ्रिकन माणसे एका जहाजातून उतरवून विकली गेली. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की मुलाचा दर्जा आईप्रमाणे ठरेल. आई गुलाम तर मूल जन्मतः गुलाम, बाप मालक असला तरीही. या एका कलमाने गुलामगिरी पिढीजात झाली. आपल्याकडे पेशवाईच्या दप्तरात कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, हेही इथेच सांगितले पाहिजे. दुसऱ्याच्या घरातला केर दाखवताना आपला उंबरा विसरू नये.

उत्तरेकडच्या वसाहतीत १६२० साली आलेल्या धर्मनिष्ठ इंग्रजांना मूळ लोकांनी मका कसा पेरायचा ते शिकवले. ज्या प्रमुखाने त्यांच्याशी स्नेह केला, त्याचाच मुलगा मेटाकोम याला १६७५ मध्ये त्यांच्याविरुद्ध शस्त्र उचलावे लागले. ऑगस्ट १६७६ मध्ये तो मारला गेला आणि त्याच्या बायकोला व मुलाला कैद केले गेले. सन लक्षात घ्या. रायगडावर राज्याभिषेक होऊन दोन वर्षे झाली होती आणि महाराज कर्नाटकाच्या स्वारीच्या तयारीत होते. पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन राजांपुढे परक्यांचे प्रश्न एकसारखे होते. एकाकडे किल्ले होते, आरमार होते आणि मुख्य म्हणजे देवीसारख्या नव्या रोगांनी त्याची रयत आधीच निम्मी झालेली नव्हती.

अमेरिकन स्वातंत्र्याचा भाग शाळेत पुष्कळ होतो, म्हणून इथे मोजकेच लिहितो. ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा निघाला त्याच वर्षी, १ मार्चला, पुण्याच्या बारभाईंनी इंग्रजांशी पुरंदरचा तह केला होता. इंग्रज एकाच वेळी वॉशिंग्टनशी आणि नाना फडणिसांशी झुंजत होते. १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच वकील पुण्यात आला आणि मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा उठला. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी अमेरिकनांशी उघड दोस्ती केली. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण गेलेला सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला. टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे त्याच्या बाजूला होते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७९१ मध्ये धारवाडचा किल्ला घेतला तो त्याच मोहिमेत. अमेरिकेत हरलेल्या माणसाने इकडे आपली भरपाई करून घेतली, असे म्हणता येईल.

'सर्व माणसे समान' असे लिहिणाऱ्या पुढाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी गुलाम होते. १७८७ च्या राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द त्यांनी लाजेने टाळला, पण प्रतिनिधी मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब मात्र मांडला. १७९० च्या शिरगणतीत सुमारे ७ लाख गुलाम होते. ही प्रथा आपोआप विझेल असे बऱ्याच जणांना वाटत होते. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र निघाले आणि सारे चित्र पालटले. कापूस फायद्याचा झाला. कापसाला दक्षिणेकडची काळी सुपीक जमीन हवी होती, आणि त्या जमिनीवर चेरोकी, क्रीक, चोक्तॉ वगैरे लोकांची गावे होती.

यांतल्या चेरोकींची कथा मी दरवर्षी वर्गात सांगतो, कारण ती आपल्याकडच्या मुलांना विशेष समजते. त्यांच्यात सिक्वोया नावाचा एक चांदीकाम करणारा कारागीर होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. गोरे लोक कागदावरून बोलतात, तर आपली भाषा कागदावर का बोलू नये, या विचाराने त्याने बारा वर्षांच्या खटपटीनंतर १८२१ मध्ये चेरोकी भाषेची लिपी तयार केली. अक्षरे ८५, एकेका अक्षराला एकेक पूर्ण उच्चार. साधारण आपल्या बाराखडीसारखी ही रचना असल्याने ती शिकायला सोपी होती. थोड्याच वर्षांत त्या समाजात साक्षरता पसरली. त्यांनी न्यू एकोटा ही राजधानी वसवली, १८२७ मध्ये स्वतःची राज्यघटना केली आणि २१ फेब्रुवारी १८२८ रोजी 'चेरोकी फिनिक्स' हे साप्ताहिक काढले. इंग्रजी आणि चेरोकी, दोन्ही भाषांत. त्यासाठी नव्या लिपीचे खिळे बोस्टनमध्ये ओतून आणले होते.

वाचकहो, यानंतर चार वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले तेही दोन भाषांत. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी. राज्यकर्त्यांना आपले म्हणणे कळावे आणि आपल्या माणसांना जगाचे कळावे, हा हेतू दोन्हीकडे सारखा. या दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते. पण एक दुवा मात्र खरोखर आहे. चेरोकींमध्ये राहून त्या छापखान्याला मदत करणारा पाद्री सॅम्युएल वूस्टर हा ज्या अमेरिकन बोर्डाचा होता, त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते. मुंबईचा अमेरिकन मिशन छापखाना त्याच बोर्डाचा. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे घालणारे तेच, आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' काढणारेही तेच. बोस्टनच्या एकाच कचेरीतून एक टपाल चेरोकींकडे जात होते आणि दुसरे मराठी मुलुखाकडे. धर्मांतराचा त्यांचा हेतू उघड होता आणि त्याबद्दल आपल्या लोकांनी त्यांच्याशी वादही पुष्कळ घातले. पण मराठी छापाईच्या इतिहासातून त्यांना वगळता येत नाही.

चेरोकींच्या मुलुखात १८२९ च्या सुमारास सोन्याच्या खाणी निघाल्या. १८३० मध्ये मूळ लोकांना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा वॉशिंग्टनला मंजूर झाला. जॉर्जिया राज्याने चेरोकींचे कायदे रद्द ठरवले. परवान्याशिवाय त्यांच्यात राहिला म्हणून वूस्टरला १८३१ मध्ये सक्तमजुरीवर पाठवले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १८३२ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की चेरोकी हे स्वतंत्र राष्ट्र आहे आणि त्यांच्या मुलुखात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. निकाल पूर्णपणे चेरोकींच्या बाजूचा होता. अंमलबजावणी झाली नाही. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना ती करायची नव्हती. कोर्टात जिंकलेली जमीन गावात हातातून जाते, हे मुलांना फार समजावून सांगावे लागत नाही. ती आपसात एकमेकांकडे पाहतात.

१८३५ मध्ये चेरोकींतल्या एका लहान गटाने, आता टिकाव लागणे नाही असे मानून, स्थलांतराच्या तहावर सह्या केल्या. त्यात 'फिनिक्स'चा पहिला संपादक एलायस बूडिनो हाही होता. मुख्य प्रमुख जॉन रॉस यांनी तहाविरुद्ध पंधरा हजारांहून अधिक नावांचा अर्ज वॉशिंग्टनला नेला. उपयोग झाला नाही. १८३८ मध्ये सैन्याने घराघरांतून माणसे काढली, छावण्यांत कोंडली आणि सुमारे १६०० किलोमीटर पश्चिमेला चालवत नेली. सोळा हजारांपैकी चारेक हजार माणसे छावण्यांत आणि वाटेत गेली असा अंदाज आहे. बूडिनोला पुढच्या वर्षी नव्या मुलुखात त्याच्याच लोकांनी ठार केले. वूस्टर त्यांच्या आधीच तिकडे गेला होता आणि तिथे त्याने पुन्हा छापखाना उभा केला होता. आणखी एक गोष्ट सोडून चालणार नाही. चेरोकींतल्या सधन घरांत काळे गुलाम होते, आणि त्या वाटेवर तेही मालकांबरोबर चालले, मेले.

रिकाम्या झालेल्या जमिनीवर कापूस उभा राहिला. जुन्या तंबाखूच्या प्रांतांतून सुमारे दहा लाख गुलाम दक्षिणेला हलवले गेले, कित्येक आपल्या बायकामुलांपासून तोडून. १८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या ४० लाखांच्या घरात गेली होती. मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास त्या काळी तिथून येई. एवढे एकाच देशावर अवलंबून राहणे इंग्रजांना धोक्याचे वाटत होते, आणि त्यांची नजर फिरत फिरत आपल्या भागावर आली.

१८४० साली कंपनी सरकारने दहा अमेरिकन मळेवाले पगारावर हिंदुस्थानात आणले. आपल्या लोकांना कापूस पिकवायला शिकवण्यासाठी! ज्या देशाने हजारो वर्षे जगाला वस्त्र पुरवले त्याला हे शिक्षण. बहुतेक ठिकाणी त्यांचे प्रयोग फसले. धारवाड जिल्ह्यात मात्र न्यू ऑर्लिन्सचे बी काळ्या मातीत रुजले आणि तिथल्या शेतकऱ्याने ते आपलेसे केले. 'धारवाड-अमेरिकन' या नावाने तो कापूस परदेशच्या बाजारात गेला. बेळगाव जिल्हा १८३६ पर्यंत धारवाडचाच भाग होता, तेव्हा ही आपल्याच शिवारातली गोष्ट म्हणायला हरकत नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. मुंबईत शेअरांचा ज्वर चढला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच उतरला, हे सर्वश्रुत आहे. त्यातला एक भाग मात्र सीमाभागातल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. धारवाडचा कापूस घाट उतरवून जहाजात घालायला जवळचे बंदर कारवार. पण उत्तर कानडा जिल्हा होता मद्रास इलाख्यात आणि कापूस होता मुंबई इलाख्यात. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी तगादा लावला आणि १८६२ मध्ये उत्तर कानडा मद्रासमधून काढून मुंबई इलाख्यात घातला. तिथल्या लोकांची भाषा कोणती, त्यांना कुठे राहायचे आहे, असे कोणी विचारले नाही. कापसाच्या गाड्या कुठून जातील एवढेच पाहिले. कारवार पुढे जवळजवळ शतकभर, १९५६ पर्यंत, मुंबईत राहिले. आज आपण ज्या रेषेवरून भांडतो तिचा एक तुकडा अमेरिकेतल्या युद्धाच्या धामधुमीत आखला गेला.

त्या युद्धाने गुलामगिरी गेली. १८६५ मध्ये घटनेत दुरुस्ती होऊन ती कायद्याने बंद झाली. इकडे पुण्यात एक माणूस हे सारे लक्षपूर्वक वाचत होता. जोतिराव फुल्यांनी तरुणपणीच टॉमस पेन याचे लिखाण वाचले होते. अहमदनगरला अमेरिकन बोर्डाच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या. १८७३ मध्ये त्यांचे 'गुलामगिरी' निघाले आणि त्यांनी ते अर्पण केले अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जन लोकांना. अर्पणपत्रिकेचा उल्लेख सर्वत्र होतो. पुस्तकाला जोडलेली इंग्रजी प्रस्तावना मात्र फारशी वाचली जात नाही. तीत फुल्यांनी युरोपियन वसाहतवाल्यांनी अमेरिकेतल्या मूळ लोकांवर केलेल्या क्रूरपणाचा स्पष्ट उल्लेख केला आहे आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या पाडावाशी त्याची तुलना केली आहे. त्यांच्या आर्य-अनार्य मांडणीशी आज अनेक अभ्यासक सहमत नाहीत. पण ज्या देशाला पुस्तक अर्पण करायचे, त्याचे गुण आणि त्याचे पाप दोन्ही एकाच पुस्तकात लिहायचे, ही नजर १८७३ सालची आहे, आणि ते पुस्तक प्रस्तावना इंग्रजीत व मजकूर मराठीत असे दोन भाषांतले आहे.

त्या मूळ लोकांपैकी पुष्कळांना त्यांच्याच भूमीत नागरिकत्व मिळायला पुढे आणखी पन्नास वर्षे लागली. २ जून १९२४ रोजी झालेल्या कायद्याने अमेरिकेत जन्मलेले सर्व 'इंडियन' नागरिक ठरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आमच्या अनगोळच्या शेजारी टिळकवाडीत, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इंडियन नॅशनल काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. त्यासाठी खोदलेली विहीर अजून तिथे आहे.